पावसाळी मुंबईत प्रायमर: वॅलेहो सरफेस प्रायमर, ब्रशने लावून

हाताने रंगवलेल्या लघुमूर्तीच्या ढालीच्या कडेचा रंग हाताळताना बोटाला लागून निघाला की बहुतेक जण रंगाला दोष देतात. खरे दुखणे खालच्या थरात असते. प्रायमरने, म्हणजे रंगाआधी लावायच्या पकड देणाऱ्या थराने, धातू किंवा रेझिन (द्रवापासून घट्ट केलेले प्लास्टिक) नीट धरलेलेच नसते, मग वरचा रंग कितीही महागडा असो, तो खपली होऊन सुटतो. मुंबईत जून ते सप्टेंबर हे दुखणे हमखास वाढते, म्हणून हा आढावा एकाच वस्तूचा आहे: वॅलेहो या स्पॅनिश रंगकंपनीचा पॉलियुरेथेन (एक लवचीक प्लास्टिक) असलेला सरफेस प्रायमर, आणि तोही ब्रशने लावलेला. (स्पॅनिश उच्चार ‘बायेखो’च्या जवळ जातो, पण दुकानात ‘वॅलेजो’ म्हणूनच मागा.)

हा प्रायमर तीन मापांत येतो: छोटी ड्रॉपर बाटली १७-१८ मि.ली.ची, मग ६० आणि २०० मि.ली. पांढऱ्याचा क्रमांक ६०० ने संपतो, करड्याचा ६०१ ने आणि काळ्याचा ६०२ ने. छोट्या बाटलीवर त्याआधी ७० असते, ६० मि.ली.वर ७३ आणि २०० मि.ली.वर ७४. ऑनलाइन मागवताना हे आकडे जुळवून पाहा, कारण त्याच कंपनीच्या साध्या रंगाची बाटली दिसायला अगदी अशीच असते आणि करडा रंग म्हणजे करडा प्रायमर नव्हे.

आधी स्प्रे कॅनचे बोलू. स्प्रे चांगलाच असतो, फक्त हवा कोरडी हवी. कॅनमधले द्रावक फार झपाट्याने उडते, उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेते, आणि हवा ओली असेल तर त्या गार झालेल्या पृष्ठभागावर बाष्प धरते. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज राहते. मग प्रायमरवर, आणि त्याहून जास्त करून शेवटच्या मॅट वार्निशवर, पांढुरकी धुक्यासारखी साय येते. काळ्या घोड्यावर ती आली की सगळी मेहनत राखाडी दिसते. मे महिन्यात वेगळाच त्रास होतो. कॅन लांब धरला तर थेंब वाटेतच सुकतात आणि मूर्तीवर बारीक रवा बसल्यासारखा खरखरीत थर तयार होतो. शिवाय चाळीत किंवा वन बीएचकेमध्ये द्रावकाचा वास काढायचा कुठे? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दुपारची वेळ, गच्ची मोकळी असेल तर स्प्रे खुशाल वापरा. उरलेल्या वर्षासाठी बाटली आणि ब्रश बरा.

सरफेस प्रायमर पाण्यावर आधारित आहे, वास नगण्य आहे, आणि त्यात पॉलियुरेथेन असल्यामुळे सुकताना तो आकसून मूर्तीला घट्ट ओढून बसतो. ओला असताना जाडसर दिसतो, डोळ्यांच्या खाचा बुजल्यासारख्या वाटतात, दुसऱ्या दिवशी त्याच खाचा पुन्हा उघड्या दिसतात. नवखे लोक इथेच घाबरतात आणि अर्धवट सुकलेल्या थरावर ब्रश फिरवतात. तसे केले की वरची साय फाटते, तिच्या गुठळ्या होतात आणि तो भाग पूर्ण काढल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. एकदा लावले की हात आवरायचा.

पण प्रायमर धरतो तो स्वच्छ पृष्ठभागालाच. रेझिनच्या मूर्तीवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश राहतो. कोमट पाणी, भांड्यांचे लिक्विड आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन ती धुवा. पाणी कडकडीत नको, पातळ तलवार किंवा भाला लगेच वाकतो. रेझिनची थ्रीडी प्रिंट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण सुकवून, मगच यूव्ही दिव्याखाली पक्की करा. चिकट राहिलेल्या प्रिंटवर कुठलाच प्रायमर टिकत नाही. व्हाइट मेटलच्या (कथिलासारख्या मऊ मिश्रधातूच्या) मूर्तीवरची साच्याची रेघ, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उठलेली कड, बारीक कानशीने घासा, मग ४०० आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून फिरवा. कडक प्लास्टिकवर पात्याची पाठ खरवडली की पुरते. ही रेघ प्रायमरच्या आधी गेलीच पाहिजे, कारण पुढे सांगितलेला या प्रायमरचा सर्वांत मोठा दोष नेमका तिथेच आडवा येतो. धुतल्यानंतर मूर्तीला थेट बोट लावू नका. औषधाच्या बाटलीच्या झाकणावर ब्लू टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याने) ती बसवा आणि झाकण धरूनच काम करा. मुंबईच्या घामाचा एक ठसा थर सुटायला पुरेसा होतो.

आता लावण्याची रीत. बाटली दोन मिनिटे जोरात हलवा, मग पाच मिनिटे तशीच ठेवा. हलवताना आलेले बुडबुडे बसले नाहीत तर मूर्तीवर सुईने टोचल्यासारखी भोके राहतात. आत मिसळायला गोळी टाकायची असेल तर स्टेनलेस स्टीलची टाका, साधी लोखंडी गोळी गंजते आणि पांढरा प्रायमर तपकिरी होतो. ब्रश कृत्रिम केसांचा, सपाट, सुमारे ६ मि.मी. रुंद. महागडा सेबल (नैसर्गिक केसांचा) ब्रश इथे अजिबात वापरू नका, पॉलियुरेथेन केसांच्या मुळाशी सुकले की टोक कायमचे फाकते. ब्रश किंचित ओला करून पुसून घ्या, बाटलीतला प्रायमर शक्यतो पाणी न घालता घ्या. फारच घट्ट वाटला तर वॅलेहोचाच एअरब्रश थिनर (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनासाठीचा, रंग पातळ करणारा द्रव) दहा थेंबांना एक. पाणी जास्त झाले तर तो कडांवरून मागे सरकतो आणि नाक, गुडघे, मुठीची हाडे उघडी पडतात.

पहिला थर इतका पातळ हवा की खालची मूर्ती थोडी दिसत राहील. तो डाग-डाग दिसणारच, दिसू द्या. खाचेत साचलेला थेंब कोरड्या स्वच्छ ब्रशच्या टोकाने टिपून घ्या, आणि हे पहिल्या अर्ध्या मिनिटातच करा. हिवाळ्यात तासाभराने दुसरा थर चालतो, पावसाळ्यात तीन तास थांबा. दोन थर बहुतेक वेळा पुरतात. तिसरा फक्त पांढऱ्याला लागतो, कारण पांढऱ्याची झाकण्याची ताकद सगळ्यांत कमी. सुकत असताना वर पंखा पूर्ण वेगाने ठेवला तर घरातली सगळी धूळ ओल्या थरावर येऊन बसते. एक उभट डबा मूर्तीवर पालथा घाला, एका बाजूने पेन्सिलीएवढी फट ठेवा. भर पावसात डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या ठेवल्या की फरक स्पष्ट जाणवतो. एसी असेल तर ‘ड्राय’वर दोन तास लावा. हेअर ड्रायर गरम करून मारू नका, वरची साय आधी सुकते आणि आतला ओलावा तिला सुरकुत्या पाडतो.

हात लावण्याजोगा तो तासाभरात होतो, पण पक्का व्हायला कमीत कमी २४ तास. जुलै-ऑगस्टमध्ये ४८ धरा. तपासायचे कसे? मूर्तीच्या पायाखालच्या, न दिसणाऱ्या भागावर नख हलकेच दाबून ओढा. ओरखडा उमटला तर आणखी एक दिवस द्या.

किती लागतो हेही सांगायला हवे. २८ मि.मी.च्या एका पायदळी मूर्तीला दोन थरांत साधारण दहा थेंब, म्हणजे अर्धा मि.ली.च्या आसपास. ७५ मि.मी.ची मूर्ती उंचीने पावणेतीनपट वाटते, पण पृष्ठभाग उंचीच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो सातपट होतो. तिला साडेतीन मि.ली. धरा. छोट्या बाटलीत तीसेक लहान मूर्ती होतील, मोठ्या मात्र जेमतेम पाच. मोठ्या मापात काम करणाऱ्यांनी छोटी बाटली घेण्यात अर्थ नाही.

आता तो दोष. हा प्रायमर घासता येत नाही. पक्का झाल्यावरही वॉटर पेपर फिरवला तर भुकटी होत नाही, तो रबरासारखा गुंडाळत निघतो आणि कडेचा चांगला भागही सोबत ओढून नेतो. लावल्यावर साच्याची रेघ दिसली तर नव्या कोऱ्या पात्याने तेवढाच भाग कापून काढा, कडा दाबून बसवा आणि तिथे पुन्हा दोन पातळ थर द्या. गाडीचे भाग, सपाट चिलखत, तोफेची नळी अशा घासून गुळगुळीत करायच्या पृष्ठभागांसाठी हा प्रायमर निवडूच नका. दुसरी उणीव थोडी लहान आहे: सुकल्यावर त्यावर किंचित साटीनसारखी झाक राहते, त्यामुळे फार पातळ केलेला पहिला रंग त्यावर घसरतो. मॉडेल कलर (वॅलेहोचाच साधा ॲक्रिलिक रंग) एकास एक पाण्याने पातळ करून दोन थर दिले की तो बसतो.

एअरब्रश असणाऱ्यांसाठी थोडक्यात: ०.३ किंवा ०.४ मि.मी.चे तोंड, १५ ते २० पीएसआय इतका हवेचा दाब, थिनरचे काही थेंब. सुईच्या टोकावर तो झटपट सुकतो, दर दोन मिनिटांनी टोक ओल्या ब्रशने पुसा. कॉम्प्रेसरच्या नळीला ओलावा अडवणारी कुपी आवश्यकच आहे. पावसाळ्यात तिच्यात पाणी भरते आणि लक्ष राहिले नाही तर मूर्तीवर पाण्याचा थेंब उडतो.

कोणता रंग घ्यावा? मावळ्याची मूर्ती असेल तर करडा. अंगरखा आणि विजार पांढऱ्या सुती कापडाची, आणि काळ्यावर पांढरे झाकायला पाच-सहा थर जातात, तोवर घड्या बुजून जातात. करड्यावर मॉडेल कलरमधल्या ‘आयव्हरी’चे दोन थर, घड्यांत त्यातच थोडी ‘खाकी’ मिसळून, शेवटी उंच कडांना शुद्ध पांढरा. त्वचेसाठी तयार मिळणारे संच बहुतेक गोऱ्या युरोपीय त्वचेचे असतात. ‘बेज ब्राउन’मध्ये ‘मीडियम फ्लेशटोन’ हळूहळू वाढवत नेला की देशी गव्हाळ रंग जास्त खरा उतरतो. ढाल रंगवण्याआधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली शस्त्रे एकदा डोळ्यांनी पाहून या. चामड्याच्या काळपट ढालीवरच्या धातूच्या फुलांची झाक फोटोत कळत नाही. जाळीचे चिलखत घातलेला सरदार किंवा काल्पनिक राक्षस-योद्धा असेल तर काळा घ्या, खाचांतली सावली फुकट मिळते. एकाच थरात छटा देणारे पातळ रंग वापरणार असाल तर पांढरा, कारण त्या रंगांचा सगळा उजेड खालून येतो.

दिवाळीच्या किल्ल्यावरच्या प्लास्टरच्या मूर्तींनाही हा प्रायमर चालतो, आणि छान चालतो. फक्त प्लास्टर पाणी शोषते, म्हणून तिथे नियम उलटा: पहिला थर समान भाग पाणी घालून मुरवा, रात्रभर ठेवा, मग नेहमीचा एक थर. मातीची मूर्ती आतून ओली असेल तर थर फुगतो, ती आधी आठवडाभर उघडी सुकू द्या.

स्वस्त पर्याय म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांचा स्प्रे प्रायमर मिळतो. व्हाइट मेटलला तो घट्ट पकडतो आणि घासताही येतो, पण कडक प्लास्टिकच्या मूर्तीचा चेहरा त्यातले द्रावक विरघळवू शकते. चित्रकारांचा जेसो (चित्राआधी लावायचा पांढरा अस्तर-थर) क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास सहज मिळतो, पण तो कॅनव्हाससाठी बनलेला असतो. २८ मि.मी.च्या मूर्तीच्या डोळ्यांना तो जाड पडतो, ७५ मि.मी.च्या मूर्तीच्या पायाखालच्या जमिनीला आणि दगडांना मात्र उत्तम.

घेताना ६० मि.ली.ची करडी बाटली आधी घ्या, काळी-पांढरी छोटी. ऑनलाइन मागवलेली बाटली आली की उलटी करून बघा, तळाशी घट्ट गोळा बसलेला असेल आणि पाच मिनिटे हलवूनही सुटत नसेल तर तीच परत करा. वापरून झाल्यावर तोंडाचा थेंब पुसा आणि झाकण घट्ट लावा. तोंड बंद झालेच तर स्टीलची टाचणी आत घालून सुकलेली गाठ बाहेर ओढा. ती आत ढकलली तर पुढच्या मूर्तीच्या चेहऱ्यावरच येऊन बसेल.