फोटो, वेग आणि क्यूआर: फुकटातलं नेमकं कुठलं घ्यावं?

गोव्यात सावईवेरेला माझ्या मावसभावाचा होमस्टे आहे. तीन खोल्या, मागे कुळागर (सुपारीची बाग) आणि पुतण्याने हौसेने करून दिलेली वेबसाइट. ती चालवायला त्याने आजवर एकही साधन विकत घेतलेलं नाही, घ्यायची गरजही नाही. सगळं ब्राउझरमध्ये होतं. पण एकाच कामाला दोन-दोन साधनं समोर आली की गोंधळ उडतो.

आधी फोटो. मोबाइलवर काढलेला सुपारीच्या बागेचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो तसाच वेबसाइटवर चढवला, तर पाहुण्याचं पान उघडेपर्यंत चहा उकळून होतो. टायनीपीएनजी आणि स्क्वूश, या दोन्ही साइट तो आवळून, म्हणजे फाइल लहान करून देतात. टायनीपीएनजीत फोटोंचा गठ्ठा एकदम टाका, काही विचारणार नाही. नावात पीएनजी हा फाइलचा प्रकार असला तरी मोबाइलचे नेहमीचे जेपीजी फोटोही चालतात. स्क्वूश गूगलच्या क्रोमवाल्यांनी २०१८ मध्ये आणलं. तिथे एका वेळी एकच फोटो, पण मधली रेघ सरकवत मूळ आणि आवळलेला शेजारी-शेजारी बघता येतो. रुंदी १६०० पिक्सेल आणि फाइलचा प्रकार वेबपी (वेबसाठीचा हलका प्रकार) एवढं केलं की बहुतेक फोटो काही शे केबीवर येतात.

माझ्या लेखी खरा फरक वेगळाच आहे. टायनीपीएनजीत फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातो, स्क्वूशमध्ये तो तुमच्या मशीनवरून हलत नाही. बागेच्या फोटोला याने काय फरक पडतो? काहीच नाही. पण परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन फॉर्म भरून द्यावी लागते, आणि त्यासाठी पाहुण्याचा फोटो लहान करायची वेळ येते. तेव्हा सर्चमध्ये पहिली दिसली ती साइट उघडून दुसऱ्याचा चेहरा आणि पासपोर्ट तिथे चढवणं मला पटत नाही. साधी परीक्षा अशी: पान उघडा, वायफाय आणि डेटा बंद करा, मग फोटो टाका. काम झालं, तर ते तुमच्याच मशीनवर झालं. स्क्वूश यात पास होतं. म्हणून बागेचे वीस फोटो असतील तर टायनीपीएनजी, माणसाची कागदपत्रं असतील तर स्क्वूशच.

आता वेबसाइट किती वेगाने उघडते ते मोजायला पेजस्पीड इनसाइट्स की जीटीमेट्रिक्स? पेजस्पीड मुद्दाम मंद नेटवर्कवरचा साधा मोबाइल धरून १०० पैकी गुण देतं. त्यामुळे घरच्या फायबरवर झटकन उघडणारी साइटही तिथे लाल, म्हणजे कमी गुणांची, दिसू शकते, घाबरू नका. निकालाच्या वरच्या भागात मागच्या २८ दिवसांतल्या खऱ्या वाचकांचे आकडे असतात, पण तीन खोल्यांच्या होमस्टेला तेवढी गर्दी कुठली! तो भाग रिकामाच राहतो. पानावरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर अडीच सेकंदांत दिसला तर चांगलं, एवढं धरून चला. जीटीमेट्रिक्स कुठली फाइल किती वेळ अडली ते पट्ट्यांनी दाखवतं, पण खातं न उघडता केलेली चाचणी परदेशातल्या सर्व्हरवरून होते. पाहुणे मुंबई-पुण्याचे असतील तर तो आकडा उगाच धसका देतो. आधी पेजस्पीड बघा. दोष सापडत नसेल, तरच दुसरीकडे वळा.

क्यूआरबाबत मात्र आम्ही हात पोळून घेतले. एका साइटवर छान रंगीत कोड 'फुकट' मिळाला, भावाने तो जेवणाच्या मेनूवर छापून घेतला, आणि काही आठवड्यांत स्कॅन केलं की पैसे भरा असं पान उघडू लागलं. तो डायनॅमिक कोड होता. त्यात पत्ता आपला नसतो, त्या साइटचा असतो, तिथून पुढे आपल्याकडे वळवलेला. पत्ता नंतर बदलता येतो, किती जणांनी स्कॅन केलं तेही कळतं, पण दोरी त्यांच्या हातात. स्टॅटिक कोडमध्ये पत्ता थेट त्या चौकटीतच भरलेला असतो; तो कुणी बंद करू शकत नाही. त्यासाठी वेगळी साइटही नको. क्रोममध्ये आपलं पान उघडून शेअरमध्ये गेलं की क्यूआर बनवायचा पर्याय असतो. मधोमध डायनासोरचं चित्र येतं, तेवढं चालवून घ्या. मेनू लॅमिनेट करण्याआधी मात्र दोन मोबाइलवर स्कॅन करून बघा, त्यातला एक जुना असू द्या.