सहा साइट, एक सर्व्हर, प्रत्येकीला वेगळा यूजर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मांडणी अशी: डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), एनजिनएक्स (पानं पाठवणारा वेब सर्व्हर) आणि पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा). सहा साइट, बहुतेक वर्डप्रेसच्या. प्रत्येक साइटला स्वतंत्र लिनक्स यूजर, त्याच नावाचा ग्रुप आणि एफपीएमचा स्वतंत्र पूल (त्या साइटच्या पीएचपी प्रोसेसचा संच). परमिशनचे आकडे: फोल्डरला २७५०, फाइलला ६४०, म्हणजे मालकाला वाचन-लेखन, ग्रुपला फक्त वाचन, इतरांना काहीच नाही; पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी, नवीन फाइलींना फोल्डरचाच ग्रुप. एनजिनएक्स ज्या नावाने चालतो तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा प्रत्येक साइटच्या ग्रुपात. आठ महिन्यांनंतरचं मत: मांडणी पक्की आहे. त्रास दिला तो आकड्यांनी नाही, नंतर फाइल कोणाच्या नावाने तयार होते या गोष्टीने.

आधी निदानाबद्दल, कारण ४०३ (प्रवेश नाकारल्याची एरर) दिसला की लोक थेट ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) ठोकतात. एरर लॉगची एक ओळ वाचली तर त्याची गरज पडत नाही. ओळीत १३ हा आकडा आणि ‘परमिशन डिनाइड’ असेल तरच प्रश्न परमिशनचा. ‘डिरेक्टरी इंडेक्स इज फॉरबिडन’ असेल तर फोल्डरमध्ये इंडेक्स फाइलच सापडलेली नाही, तिथे सीएचमॉड (परमिशन बदलणारी कमांड) कितीही फिरवा, उपयोग नाही. ५०२ (मागच्या सेवेशी बोलणं न जमल्याची एरर) सोबत १३ आला तर अडलंय ते सॉकेटपाशी (एनजिनएक्स आणि एफपीएमला जोडणारी फाइल): पूलच्या फाइलमध्ये ‘लिसन.ओनर’ डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आणि मोड ०६६० आहे का ते बघा. पांढऱ्या पानावर नुसतं ‘फाइल नॉट फाउंड’ आणि लॉगमध्ये ‘प्रायमरी स्क्रिप्ट अननोन’ असेल, तर एनजिनएक्स पोहोचला पण एफपीएमला फाइल मिळाली नाही. पाथ चुकलाय किंवा पूलचा यूजर.

१३ नक्की झाला की ‘नेमआय -एल’ला पूर्ण पाथ द्या. मुळापासून फाइलपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, ग्रुप आणि परमिशन एकाखाली एक दिसतात. दोष बहुधा फाइलचा नसतो, वरच्या एखाद्या फोल्डरला एक्स (आत शिरण्याची परवानगी) नसतो. उबुंटूने २१.०४ पासून नवीन होम डिरेक्टरी ७५० केल्या, त्यामुळे जुन्या माहितीवरून होममध्ये साइट ठेवणारे इथेच अडकतात.

ग्रुपमधली सगळ्यात महागडी चूक म्हणजे ‘यूजरमॉड -जी’ (कॅपिटल जी; यूजरचे ग्रुप ठरवणारी कमांड) देताना ‘-ए’ विसरणं. सातवी साइट जोडायला जाता आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आधीच्या सहाही ग्रुपांतून बाहेर पडतो. लगेच काहीच बिघडत नाही, कारण एनजिनएक्सचे चालू वर्कर (काम करणाऱ्या प्रोसेस) जुने ग्रुप धरून असतात. पुढच्या रिलोडला, कदाचित चार दिवसांनी, सहाही साइटवर ४०३, आणि तोवर ती कमांड कुणाच्या लक्षातही नसते.

फाइलींचा ग्रुपच डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा करा, असा सोपा सल्ला सर्रास मिळतो. चालतं, पण डेबियनच्या मूळ पूल फाइलमध्ये यूजर आणि ग्रुप दोन्ही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा असतात. ती कॉपी करून फक्त यूजर बदलला की एका साइटचं पीएचपी दुसरीच्या ६४० फाइली आरामात वाचतं. साइट व्यवस्थित चालते, म्हणून कुणाला कळतही नाही.

स्वतंत्र ग्रुप ठेवूनही एक फट उरते. एनजिनएक्स सगळ्या ग्रुपांत आहे, त्यामुळे एका साइटमध्ये घुसलेल्याने शेजारच्या डब्ल्यूपी-कॉन्फिगकडे (वर्डप्रेसची सेटिंग फाइल) ‘अ.टीएक्सटी’ अशी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) केली, तर एनजिनएक्स तो मजकूर पासवर्डसकट साधा मजकूर म्हणून देतो. उपाय दोन, दोन्ही करा: एनजिनएक्समध्ये ‘डिसेबल_सिमलिंक्स इफ_नॉट_ओनर’, आणि डब्ल्यूपी-कॉन्फिगला ६००. ती फाइल फक्त पीएचपीला लागते, एनजिनएक्सला तिच्याशी काही कर्तव्य नाही. शिवाय सगळे पूल एकाच एफपीएम मास्टरखाली असतात, ऑपकॅशची (पीएचपीचा तयार कोड साठवणारा कॅश) मेमरी सामाईक, म्हणजे एकीचा साठवलेला कोड दुसरीच्या हाती लागू शकतो. ‘ऑपकॅश.व्हॅलिडेट_परमिशन’ मुळात बंद असतं, ते १ करा.

वर्डप्रेसचा खोडसाळपणा अपडेटनंतर दिसतो. मुख्य इंडेक्स फाइल ६४० असली तरी नवीन फाइलींचा आकडा ठरवताना तो त्या ६४० मध्ये ६४४ मिसळतो, आणि फोल्डरच्या आकड्यात ७५५. परिणामी प्लगिन अपडेट झाला की नवीन फाइली जगाला वाचता येतील अशा बसतात, आणि फोल्डरचा सेटजीआयडी गळतो. वरचा फोल्डर ७५० आहे तोवर निभावतं. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये ‘एफएस_सीएचमॉड_डिर’ला ०२७५० आणि ‘एफएस_सीएचमॉड_फाइल’ला ०६४० दिलं की हे थांबतं. सुरुवातीचं शून्य विसरू नका, पीएचपी ते दशमान समजेल. अपडेट करताना एफटीपीचा पासवर्ड मागितला, तर बहुतेक वेळा फाइलींचा मालक पूलचा यूजर नाही, एवढाच अर्थ. मालक दुरुस्त करा, ‘एफएस_मेथड’ने झाकू नका.

सेशन (एकेका ब्राउझरची माहिती सर्व्हरवर लक्षात ठेवणाऱ्या फाइली) हा असाच गाफील पकडणारा प्रकार. वेगळ्या यूजरवर साइट हलवली की जुन्या सेशन फाइली डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावाने ६०० राहतात. ज्याच्या ब्राउझरमध्ये जुनी कुकी आहे त्यालाच एरर, नवीन माणसाला काही नाही. पूलमध्ये सेशनचा वेगळा फोल्डर दिला की हे सुटतं, पण डेबियनची सफाई मुख्य पीएचपी-आयएनआयमधलाच पाथ बघते आणि पीएचपीची स्वतःची सफाई तिथे बंद असते. म्हणजे फाइली साचत जातात. त्या पूलमध्ये ‘जीसी_प्रोबॅबिलिटी’ १ करा.

एसीएल (एकेका यूजरला किंवा ग्रुपला वेगळी परमिशन देण्याची सोय) हा पर्याय दोन साइटवर वापरून सोडला. ‘सेटएफएसीएल’ कॅपिटल एक्ससह उत्तम चालतं, पण नंतर कुणी सीएचमॉड ६०० केलं की तो आकडा मास्कवर (एसीएलच्या परमिशनची कमाल मर्यादा) बसतो. नोंद यादीत दिसते, प्रत्यक्षात निकामी. ‘गेटएफएसीएल’मधलं ‘इफेक्टिव्ह’ न वाचणाऱ्यांनी यात पडू नये.

फाइली चढवताना ‘आरसिंक -ए’ (फाइली कॉपी करणारी कमांड) आपल्या मशीनच्या परमिशन जशाच्या तशा आणतो. साइटच्याच यूजरने चालवून ‘--नो-ओनर --नो-ग्रुप --सीएचमॉड=डी२७५०,एफ६४०’ जोडा. रूटने (सर्वाधिकारी यूजर) ‘गिट पुल’ (नवा कोड ओढणं) किंवा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप होणारं काम) चालवला की कॅश फोल्डरमध्ये रूटच्या फाइली पडतात आणि साइट लिहू शकत नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक साइटवर ‘फाइंड’ फिरवा: मालक चुकीचा असलेल्या, किंवा ‘-पर्म /००७’ (इतरांना कोणतीही परवानगी) लागू पडणाऱ्या सगळ्या गोष्टी छापायच्या. सिमलिंक वगळा, त्या कायम ७७७ दाखवतात आणि यादी उगाच भरते.