मिंट की विकतची?

लॅपटॉप रखडायला लागला म्हणून लिनक्सकडे, म्हणजे फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे, वळणारे पुष्कळ. माझा ठणठणीत होता. मी वळलो ते सत्तावीस टक्क्यांमुळे.

मी मुद्रितशोधन करतो. दिवाळी अंकाच्या शेवटच्या फर्म्याची प्रुफं अकरापर्यंत प्रेसला द्यायची होती. चहा टाकायला उठलो, परत येतो तर काळा पडदा, फिरणारे ठिपके आणि ‘२७ टक्के, बंद करू नका’. पाऊण तास सत्तावीसच. प्रेसवाला फोनवर, चहा गार. लॅपटॉपवरच्या विकतच्या सिस्टीमने आदल्या रात्री ‘अपडेट करू का’ असं विचारलं असणार आणि मी ‘नंतर’ म्हटलं असणार. पण ‘नंतर’ म्हणजे कधी, हे तिनेच ठरवलं. (तिचं नाव घेत नाही, उखाणा सुचायचा आहे.)

आता लिनक्स मिंट आहे, लिनक्सचाच एक अवतार. अपडेट तिथेही येतात आणि बऱ्यापैकी येतात. कोपऱ्यातल्या ढालीवर एक ठिपका उमटतो, तो आठवडाभर तसाच राहिला तरी बिचारा काही बोलत नाही. बहुतेक अपडेट काम चालू असतानाच बसतात. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बदललं तर मशीन पुन्हा सुरू करावं लागतं, पण ते मी रात्री, झोपण्याआधी करतो. अपडेटने काही बिघडलंच तर टाइमशिफ्टने, म्हणजे सिस्टीमची प्रत काढून ठेवणाऱ्या सोयीने, कालच्या स्थितीत जाता येतं, कालची प्रत काढलेली असली की झालं. त्याची पाळी माझ्यावर एकदाच आली.

फुकट मिळतं हा मुद्दा मला फारसा पटत नाही. विकतची सिस्टीम नव्या लॅपटॉपसोबतच येते, तिचे पैसे आपण वेगळे मोजतच नाही. सोपेपणाचंही तेच. आपण एमएस-सीआयटीला जे शिकलो ते सोपं वाटतं. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं लिनक्सवरच शिकतात, त्यांना ते सोपं वाटत असेल.

मराठी टायपिंगला मिंटवर वेगळं काही बसवावं लागलं नाही. इनस्क्रिप्ट हा कळफलक आधीपासून आहे, शिफ्ट धरून ‘र’ दाबला की ‘ऱ’ येतो, म्हणजे ‘गुऱ्हाळ’ आणि ‘तऱ्हा’ सुखरूप. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली फाइल आली की मात्र दोन्हीकडे सारखाच गोंधळ. फाँट मागवून घेण्याला पर्याय नाही.

विकतचीचं पारडं जड कुठे, तर मिंटवर थेट न चालणाऱ्या टॅली, कोरल, फोटोशॉपसाठी. यातल्या एकावर जरी तुमची भाकरी असेल तर वाइनच्या (विकतचीचे प्रोग्राम लिनक्सवर चालवू बघणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) खटपटीत पडू नका, आहे तेच ठेवा. माझ्या बायकोकडे टॅली आहे, तिच्या लॅपटॉपला मी हात लावत नाही. मिंटवर वर्डच्या जागी असलेलं लिब्रेऑफिसही समोरच्याची वर्ड फाइल उघडतं खरं, पण तक्ते कधीकधी सरकतात. मी पीडीएफ मागतो.

बाकी लिहिणं, वाचणं, इंटरनेट, बँक एवढंच असेल, तर माझ्या मते मिंट बरं. मिंटची ‘२२’ ही आवृत्ती-मालिका घ्या, तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का आणि मुख्य म्हणजे प्रिंटर ओळखतंय का, एवढं तपासा. माझा प्रिंटर लगेच छापायला लागला. त्याच्यातला स्कॅनर दुसऱ्या दिवशी.