कागल लांब, बेंगळूर जवळ : उद्योगचर्चेच्या मंचाचा काही महिन्यांच्या सशुल्क वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात मंचाच्या ग्राहकसेवेकडून मला कळवण्यात आले की, ‘जवळचे पुरवठादार’ ही त्यांची यादी अंतराऐवजी राज्यावरून तयार होते ही माझी तक्रार ‘समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे’. तक्रार जशीच्या तशी उभी आहे, आणि समाधान कोणाचे झालेच असेल तर ते माझे नाही; म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहितो आहे. कारखानदारांच्या या ऑनलाइन मंचाचे नाव देत नाही. मशिनिंग (यंत्रावर धातू कापणे) आणि फाउंड्रीच्या (ओतकामाच्या) धंद्यातील वाचकांना ते न सांगताही कळेल, आणि सभासदत्वाचे प्रकार, पडताळणीची निळी खूण, खरेदीदारांच्या चौकशा जिथे येतात ती चौकशी-पेटी, विभागवार चर्चा या गोष्टी त्यांना ठाऊक आहेत असे धरून थेट मुद्द्यावर येतो.

आमचे छोटे मशीन शॉप बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत आहे. बिडाचे (कास्ट आयर्नचे) बुश म्हणजे पोकळ नळकांडी, हाउसिंग आणि हायड्रॉलिकचे लहानसहान भाग यांचे टर्निंग (बाहेरून कापणे) व बोअरिंग (आतले भोक मापात कापणे) आम्ही जॉबवर्कवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मालावर मजुरीने, करून देतो. इथली बहुतेक कामे ओळखीतून येतात; वडिलांच्या काळापासून ज्यांचा माल आपल्याकडे येतो त्यांचाच तो येत राहतो, आणि त्यांच्याकडची मागणी उतरली की आपली मशीनेही थांबतात. दलालाला टक्का देऊन काम आणण्याची मला हौस नाही. जिथे कारखान्यांतील माणसे आपल्या अडचणी मांडतात आणि इतर कारखानदार त्यांना उत्तरे देतात अशा ठिकाणी नियमाने बसावे आणि आपले काम लोकांना दिसू द्यावे, एवढ्याच हेतूने वार्षिक सभासदत्व घेतले.

मंचाचा दोष एकच आहे, पण सीमाभागातल्या माणसासाठी तो इतका मोठा आहे की इतर सोयींकडे लक्ष जायलाच वेळ लागतो. ‘जवळचे पुरवठादार’ ही यादी अंतरावरून तयार होत नाही, राज्यावरून होते. पडताळणीच्या वेळी मंच तुमचा जीएसटी क्रमांक घेतो, त्याचे पहिले दोन अंक वाचतो आणि तुम्हाला त्या राज्यात टाकून मोकळा होतो. कर्नाटकाचा संकेतांक २९ आणि महाराष्ट्राचा २७. परिणाम असा की, बेळगाव–वेंगुर्ला रस्त्यावर हद्द ओलांडताच महाराष्ट्रात लागणारे शिनोळी, त्याच चंदगड तालुक्यातले हलकर्णी, महामार्गावरचे कागल, गोकुळ शिरगाव किंवा शिरोली यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या कारखान्याने जवळचा टर्निंगवाला शोधला, तर त्याला पुणे, नाशिक आणि थेट नागपूरही दिसते. उद्यमबाग दिसत नाही. आमच्याकडे मात्र जवळच्या चौकशा म्हणून बीदर, म्हैसूर आणि बेंगळूरच्या येतात. बेंगळूर इथून पाचशे किलोमीटरच्या घरात आहे आणि कोल्हापूर एकशेदहाच्या. निपाणीच्या कारखानदाराची अवस्था तर आणखी चमत्कारिक असणार, कारण त्याला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि मंचाच्या लेखी ते परके आहे. शेजारणीकडून विरजण आणायला तालुक्याच्या गावाहून वळसा घालावा, अशातला हा प्रकार आहे.

यात भावनेचा भाग मुळीच नाही. सीमाप्रश्नावर कोणाचे काय मत असावे याच्याशी मंचाचा संबंध नाही आणि या लेखाचाही नाही. आमच्या शॉपमध्ये मराठी आणि कानडी एकाच वाक्यात चालते, आणि बेंगळूरच्या पार्टीशी बोलताना भाषेची अडचण मला कधी आली नाही. अडचण वजनाची आहे. बीड जड असते, जॉबवर्कमध्ये माल दोनदा प्रवास करतो, आणि नगामागे मिळणारी मजुरी लहान असते. पाचशे किलोमीटरवरून कच्चे कास्टिंग (ओतीव भाग) येऊन तयार बुश परत जायचा असेल, तर वाहतूकच मजुरीच्या वर जाते आणि दर सांगताच समोरचा माणूस सभ्यपणे आभार मानून फोन ठेवतो. अशा चौकशांना ‘मिळालेल्या संधी’ म्हणून मोजून त्यांचा आलेख दर महिन्याला मला पाठवला जातो, याचा राग अधिक येतो.

पहिल्या दोन महिन्यांनंतर हा लेख लिहिला असता, तर तो इथेच संपला असता. त्यानंतर मात्र माझे मत काही बाबतींत बदलले, आणि तेही अशा नियमामुळे ज्यावर मी सुरुवातीला सर्वांत जास्त चिडलो होतो. चर्चेच्या विभागांत जाहिरात करता येत नाही, दूरध्वनी क्रमांक टाकता येत नाही, ‘आमच्याकडे हे काम होते, संपर्क साधा’ असे लिहिले की संचालक ते काढून टाकतात. पैसे भरूनही तोंड बांधलेले, असे मला वाटत असे. पण या नियमामुळेच तिथे अजून खरे प्रश्न विचारले जातात. ज्या व्हॉट्सॲप गटांत ही बंधने नाहीत तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत शुभेच्छा, मशीन विक्रीची छायाचित्रे आणि ‘रेट सांगा’ याखेरीज काही उरत नाही, आणि आठवड्याभरापूर्वीचे एखादे चांगले उत्तर शोधायचे म्हटले तर सापडत नाही.

मला पहिले उपयोगी काम ज्या प्रश्नातून मिळाले तो इथे मुद्दाम सांगतो, कारण मंचाचा उपयोग कसा होतो हे त्यावरून स्पष्ट होईल. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यातील गुणवत्ता विभागाच्या माणसाने विचारले होते की, पातळ भिंतीच्या बिडाच्या बुशचा बोअर (आतले भोक) डायल बोअर गेज या व्यास मोजणाऱ्या उपकरणावर सगळीकडून मापात दाखवतो, तरीही शाफ्ट (दांडा) आत जात नाही, तर दोष गेजचा की शाफ्टचा. त्याखाली अनेकांनी गेज तपासून घ्या, तापमान पाहा, शाफ्ट पुन्हा ग्राइंड करा असे सल्ले दिले होते. हा प्रकार आम्ही रोज पाहतो. भाग पकडून फिरवणाऱ्या तीन जबड्यांच्या चकमध्ये पातळ बुश घट्ट आवळला की भिंत तीन ठिकाणी आत दबते. टूल त्या दबलेल्या अवस्थेत बोअर गोल कापतो, आणि चक सैल केल्यावर भिंत आपल्या मूळ जागी गेली की तोच बोअर किंचित तिकोनी होतो. दोन टोकांवर मोजणाऱ्या गेजला हे कळत नाही, कारण फुगलेल्या भागाच्या बरोबर समोर दबलेला भाग येतो आणि कोणत्याही दिशेने मोजले तरी व्यास जवळजवळ तेवढाच भरतो. शाफ्टला मात्र ते लगेच कळते. तीन टोकांचा इंटर्नल मायक्रोमीटर लावला की खोट उघडी पडते.

उपायही लिहिले: जॉबच्या (कापायच्या भागाच्या) बाहेरच्या व्यासाला बोअर करून घेतलेले सॉफ्ट जॉ (मऊ जबडे) वापरा, म्हणजे पकड तीन बिंदूंवर न येता घेरावर पसरेल, रफिंग (सुरुवातीची जाड कापणी) आणि फिनिशिंग (शेवटची बारीक कापणी) वेगळे करा आणि फिनिशिंगच्या आधी हायड्रॉलिक चकचा दाब उतरवा, तरीही जमले नाही तर बाजूने न दाबता तोंडावरून दाबणारे फिक्श्चर (पकडण्याचा साचा) करा. आमच्या सॉफ्ट जॉचे छायाचित्र जोडले. आमचा पत्ता किंवा दर यांतले काही लिहिले नाही. चार दिवसांनी त्याच माणसाने खासगी संदेश पाठवला, नमुन्याचे नग आले, मग छोटी ऑर्डर आली आणि आता ते काम दर महिन्याला येते. लक्षात घ्यावे की हे गिऱ्हाईक ‘जवळचे पुरवठादार’ या यादीतून आलेले नाही. तिथे तर मी त्यांना कधी दिसलोच नसतो. ते चर्चेच्या विभागातून आले, जिथे राज्याची चाळणी नाही आणि जिथे लिहायला पैसेही पडत नाहीत. पुढे काही महिन्यांनी राजकोटच्या एका उद्योजकाने गूगलवर शोधताना तेच उत्तर वाचून फोन केला. त्याचे काम अंतरामुळे जमले नाही, पण एकदा लिहिलेले उत्तर महिनोन्‌महिने आपली ओळख करून देत राहते हे त्यावरून दिसले, आणि हे सुख कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही.

येणी वसूल करण्याविषयीची चर्चा हा मंचाचा दुसरा जमेचा भाग. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते, हे मला ऐकून माहीत होते. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४३ब(एच) १ एप्रिल २०२४ पासून लागू झाल्यावर मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून वजा करता येत नाही, आणि म्हणून प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक (लघुउद्योग म्हणून झालेल्या सरकारी नोंदणीचा) व आपला वर्ग, सूक्ष्म की लघु, ठळक छापावा, हे मात्र तिथेच कळले. बिलाचा नमुना त्याच दिवशी बदलला. मार्चअखेर जुन्या गिऱ्हाइकांच्या हिशेब विभागांतून आपणहून फोन आले, हा अनुभव नवीन होता.

आता पुन्हा त्या यादीकडे. ग्राहकसेवेला मी लिहिले की, अंतर पिनकोडवरून काढा, ५९०००८ (उद्यमबाग) आणि ४१६२३४ (गोकुळ शिरगाव) यांच्यामधले अंतर मोजायला फार मोठे गणित लागत नाही. उत्तर आले की आंतरराज्य व्यवहारात ‘कर आणि कागदपत्रांची गुंतागुंत’ असल्याने खरेदीदार राज्यातलाच पुरवठादार पसंत करतात. हे विधान कारखानदाराने केलेले नाही एवढे उघड आहे. बेळगावहून कागलच्या नोंदणीकृत कारखान्याला जॉबवर्कचे बिल गेले तर त्यावर केंद्र आणि राज्याच्या कराऐवजी आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहारावरचा एकत्रित कर) लागतो, आणि त्याची वजावट खरेदीदाराला तशीच मिळते. कागदपत्रांत एक फरक जरूर आहे. एरवी साधारणपणे ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) लागते, पण एका राज्यातील मालकाने दुसऱ्या राज्यातील जॉबवर्करकडे माल पाठवला तर रक्कम कितीही लहान असो, ई-वे बिल काढावेच लागते. डिकीत मावणारी बुशची पेटी शिनोळीहून आली तरी त्यातून सुटका नाही. हा नियम सीमेवरच्या माणसाला जाचक आहे हे मी मान्य करतो. पण ते बिल पोर्टलवर काही मिनिटांत निघते, आणि पाचशे किलोमीटरचे भाडे काही मिनिटांत कमी होत नाही.

यानंतर ग्राहकसेवेतील एका गृहस्थांनी फोनवर सुचवले की, ‘सर, महाराष्ट्रातल्या एखाद्या नातेवाइकांच्या पत्त्यावर दुसरे खाते उघडा, म्हणजे दोन्हीकडे दिसाल.’ दुसऱ्या खात्याची वर्गणी वेगळी भरावी लागेल, हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितले. ज्या गिऱ्हाइकाला पहिल्या बिलावर २९ दिसणार आहे त्याच्याशी खोट्या पत्त्याने ओळख करून घेणे मला जमणार नाही, असे कळवले. त्याच संवादाची नोंद पुढे ‘निकाली’ या सदरात झाली.

वापरणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगून ठेवतो. मी दिवसभर मंचावर बसत नाही. सकाळी शॉप सुरू होण्यापूर्वी अर्धा तास आणि तोही फक्त बोअरिंग, कास्टिंगमधील दोष व जॉबवर्कचा कर या तीन विभागांत, कारण ज्या विषयात हाताने काम केलेले आहे तिथलेच उत्तर टिकते. गिऱ्हाइकाचे ड्रॉइंग कधीही टाकू नये. टायटल ब्लॉक (नाव-क्रमांकाची चौकट) कापून टाकलेल्या ड्रॉइंगवरूनही या धंद्यातील माणसे पार्ट ओळखतात. उत्तर मराठीत लिहिताना ‘ब्लोहोल’, ‘चॅटर’, ‘ओव्हॅलिटी’ हे कारखान्यात बोलले जाणारे शब्द तसेच ठेवावेत, कारण शोधणारा तेच शब्द टाइप करतो. गावाचे नाव बेळगाव आणि बेळगावी असे दोन्ही प्रकारे लिहावे. मंचाचा शोध या दोहोंना दोन वेगळी शहरे समजतो. दराची बोलणी फोनवर करावीत, पण सांगितलेला उपाय लागू पडला की नाही हे परत येऊन त्याच चर्चेत लिहायला विसरू नये. जे लिहितात त्यांच्याकडे लोक पुन्हा येतात.

वर्गणी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी यांचा हिशेब मांडला, आणि जीएसटीची वजावट मिळते हे धरूनही, मला मिळालेले काम विनाशुल्क खात्यावरही मिळाले असते असेच दिसते. गंमत अशी की विनाशुल्क खात्यात जीएसटीची पडताळणी होत नाही, त्यामुळे ‘परिसर’ हा रकाना आपल्या हाताने भरता येतो आणि तिथे ‘बेळगाव, चंदगड, कागल, कोल्हापूर’ असे खुशाल लिहिता येते. पैसे भरून निळी खूण घेतली की तोच रकाना बंद होतो आणि त्यात ‘कर्नाटक’ एवढेच उरते. हुबळी, दावणगेरे किंवा बेंगळूर परिसरात ज्यांचे शॉप आहे त्यांना चौकशी-पेटी कदाचित परवडेल. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी इकडच्यांनी विनाशुल्क खात्यावरच राहावे, असे माझे मत आहे.

मी नूतनीकरण करणार नाही. मंचावर ‘सभासदत्व रद्द करा’ हे बटण दाबून ऑटोपे थांबत नाही. यूपीआय ॲपमधील ऑटोपे विभागात जाऊन तो मॅण्डेट (पैसे आपोआप वळते करण्याची परवानगी) स्वतंत्रपणे रद्द करावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, पण तिची वाट न पाहता हे काम आधीच उरकलेले बरे.