केळीचा रोजचा तक्ता पुसायला ॲप्स स्क्रिप्ट: साधन उत्तम, कमांड नीट निवडा

रावेर-सावद्याकडे केळीच्या वजनाचा हिशेब गुगल शीट्समध्ये ठेवणाऱ्यांना ॲप्स स्क्रिप्ट (छोटा कोड लिहून शीटची कामे आपोआप करवून घेण्याची गुगलची सोय) नक्की घ्यावी असे साधन आहे. वेगळे पैसेही लागत नाहीत.

संध्याकाळी तक्ता रिकामा करायला ‘क्लिअर’ ही कमांड मात्र लावू नका. नाव, वजन, भाव यांच्यासोबत रंग, कडेच्या रेषा, आकड्यांचे स्वरूप सगळे जाते. ‘क्लिअरकंटेंट’ फक्त आतला मजकूर काढते. सूत्रेही त्यात पुसली जातात, म्हणून वजन गुणिले भाव हा रकाना रेंजबाहेर (पुसायला निवडलेल्या भागाबाहेर) ठेवा.

रेंज दुसऱ्या ओळीपासून घ्यावी, म्हणजे शीर्षके शाबूत राहतात. ओळींची संख्या ‘गेटलास्टरो’मधून (शेवटच्या भरलेल्या ओळीचा क्रमांक देणारी कमांड) १ वजा करून निघते. घोळ इथेच होतो: शीर्षकाखाली काहीच नसेल तर उत्तर ० येते आणि स्क्रिप्ट चूक दाखवून थांबते. म्हणून संख्या ० पेक्षा जास्त असेल तरच पुसावे, अशी ‘इफ’ची अट आधी घाला.

एकेक चौकट लूपने (तीच कमांड पुन्हापुन्हा चालवून) पुसणे फार संथ; पूर्ण रेंज एकदम द्या. ओळीच डिलीट केल्या तर दुसऱ्या पानावरची बेरीज मोडू शकते, तो मार्ग आम्हाला पटत नाही. चुकून पुसलेच, तर व्हर्जन हिस्टरीतून (शीटच्या जुन्या प्रतींची नोंद) कालचा तक्ता परत आणता येतो.