एफएल स्टुडिओ की एबलटन लाइव्ह?

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळपासून यंत्रमागांची खडखड चालू असते. तीच मोबाइलवर रेकॉर्ड करून बीट बनवायची ठरवली आणि अडलो. संगीत बनवायचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं?

एफएल स्टुडिओ उघडलं की समोर सोळा चौकोनांची पट्टी, म्हणजे स्टेप सिक्वेन्सर. ठोका हवा तिथं क्लिक करायचं. लेझमीचा ठेका दहा मिनिटांत बसला. फुकटच्या आवृत्तीला मुदत नाही, तयार गाणं ऑडिओ फाइल म्हणून एक्स्पोर्टही होतं. पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. मध्येच लाइट गेली की बोंबला! घेतल्यावर मात्र पुढचे अपडेट कायम मोफत.

एबलटन लाइव्ह २००१ सालचं. चाचणी ३० दिवसांची, पण सेव्ह केलेलं परत उघडतं. मागाचा आवाज टाकला की त्यातली ‘वार्प’ ही सोय तो हव्या त्या टेम्पोत, म्हणजे लयीच्या वेगात, आणते. एफएलमध्ये यासाठी मला घाम फुटला होता. सेशन व्ह्यू नावाच्या स्क्रीनवर लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे, हवे तसे आत-बाहेर करता येतात, हलगीवाला रंगात येऊन ठेका बदलतो तसे. स्टेजवर वाजवायचं असेल तर हेच घ्या.

मला कुठलं स्टेज? मी सध्या एफएलवरच आहे. एका बैठकीत गाणं संपवायची सवय लागलीय.