जुन्या डेस्कटॉपला हार्ड डिस्क बसवावी की एसएसडी?

भाच्याचा प्रश्न: "मामा, पीसीत जागा संपली. १ टीबीची हार्ड डिस्क घेऊ की त्याच पैशात लहान एसएसडी?"

हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते, एसएसडीत नुसत्या मेमरी चिप्स. पैशाचं गणित सरळ आहे. दर जीबीमागे हार्ड डिस्क स्वस्त, वाद नाही.

वेगात मात्र तुलनाच नको. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे घेणारी) डिस्क सेकंदाला साधारण १५०-२०० एमबी देते, साटा (मदरबोर्डला डिस्क जोडायची एक पद्धत) एसएसडी ५०० च्या वर. शिवाय डिस्कची सुई जागा शोधत फिरते, म्हणून विंडोज सुरू होईपर्यंत चहा होतो.

बसवायला दोन्ही सारख्याच: पीसी बंद करा, प्लग काढा, केबिनेटच्या पत्र्याला हात लावा (अंगातली स्थिर वीज उतरते), साटाची डेटा आणि पॉवर केबल जोडा. एल आकाराची खाच बघूनच लावा, जोर करू नका. खरी गंमत स्क्रूची. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचा स्क्रू लागतो, अडीच इंची एसएसडीला बारीक. चुकीचा पिळलात तर आटे गेलेच (मी घालवलेत!). एसएसडीला बहुधा ब्रॅकेटही लागतं. नवी डिस्क दिसली नाही तर घाबरू नका, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये इनिशियलाइज (वापरासाठी तयार) करावी लागते.

टिकाऊपणा? एसएसडीला धक्क्याचं भय कमी, पण जाते तेव्हा बऱ्याचदा न सांगता. हार्ड डिस्क अनेकदा आधी टकटक करते. बॅकअप दोन्हींचा हवाच.

पीसी रडतखडत चालत असेल तर एसएसडी घे आणि विंडोज तिच्यावर टाक. नुसते लग्नाचे व्हिडिओ साठवायचे असतील तर हार्ड डिस्क.